वाटेवरचें ऋण

आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, तो वरवर पाहतां अगदीं लहान आहे. घाटांतील अगर माळरानांतील एखाद्या रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल उभी असते. तिचा मालक खालीं बसून चाकाकडे किंवा इंजिनाकडे चिंतेनें पाहत असतो. मोटारी, मालट्रक, एस. टी.च्या गाड्या त्याच्या अंगावर धूळ उडवीत निघून जात असतात. इतक्यांत दुसरी एक मोटारसायकल मंदावते, त्याला ओलांडून थोडी पुढें जाऊन थांबते, आणि तिच्यावरून उतरलेला अनोळखी माणूस विचारतो, "काय झालं? काही मदत हवी का?" पंधरा-वीस मिनिटांनीं दोघेहि आपापल्या वाटेनें चालते होतात. दोघांना एकमेकांचें नांवहि ठाऊक नसतें, आणि पुन्हां भेट होण्याचा फारसा संभवहि नसतो.

हें दृश्य आपल्या सह्याद्रीच्या घाटांत दिसतें, तसेंच लडाखच्या पठारावर, इंग्लंडमध्यें व अमेरिकेंतहि दिसतें. ही रीत कोणीं घालून दिलेली नाहीं, आणि न पाळणाराला दंडहि नाहीं. तरीहि ती टिकून आहे. मोटारींतून जाणारा गृहस्थ कांहीं दुष्ट नसतो. मग अडलेल्या दुचाकीस्वारासाठीं थांबतो तो बहुधा दुसरा दुचाकीस्वारच, असें कां व्हावें? आणि यंत्रें पूर्वींइतकीं बिघडत नाहींत व खिशांत टेलिफोन असतो, अशा काळांत या रीतीचें मोल कितपत उरलें आहे? या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर वाहनाच्या घडणीतच आहे. मोटार ही चाकांवरची खोली होय. ती बंद पडली तर आंतला माणूस कांचा वर करून, टेंकून बसूं शकतो. बाहेर पाऊस असला तरी तो कोरडा राहतो. मोटारसायकल हें घोड्यासारखें वाहन आहे. तिला भिंती नाहींत, छप्पर नाहीं. ती चालत आहे तोंवरच तिच्यावर बसण्यांत अर्थ. ती थांबली कीं स्वार उघड्यावर पडला. ऊन, पाऊस, रात्र आणि मागून येणारीं वाहनें यांच्या व त्याच्या मध्यें कांहींच उरत नाहीं. ज्यानें हा अनुभव एकदां घेतला, त्याला कडेला उभा असलेला दुसरा स्वार परका वाटत नाहीं. आपणच तेथें उभे आहों असें त्याला क्षणभर वाटतें. दया ही पुष्कळदां वरून खालीं पाहते. येथें मात्र ती समोरासमोर पाहते.

धोका किती खरा आहे हें आंकड्यांवरून दिसेल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक माणसें दुचाकीवरचीं होतीं. ज्या वर्गाचा जीव रस्त्यावर सर्वांत स्वस्त झालेला आहे, त्या वर्गांत परस्परांविषयीं बंधुभाव उपजावा, हें स्वाभाविकच नव्हे काय?

या बंधुभावाचीं कांहीं चिन्हेंहि ठरून गेलेलीं आहेत. अमेरिकेंत व युरोपच्या बऱ्याच भागांत समोरून येणाऱ्या स्वाराला डावा हात खालीं करून, दोन बोटें दाखवून नमस्कार करतात. तेथें वाहनें उजव्या बाजूनें चालतात, म्हणून डावा हात समोरच्याच्या बाजूला येतो, आणि तोच हात मोकळा करतां येतो. कारण उजव्या मुठींत वेग असतो. इंग्लंडांत व आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात, डावा हात पलीकडच्या बाजूस राहतो, म्हणून नुसती मान लववून काम भागवितात. अमेरिकेंतील कित्येक स्वारांत आणखी एक संकेत आहे: ज्याला मदत हवी असेल त्यानें आपलें हेल्मेट काढून गाडीजवळ रस्त्याच्या कडेला जमिनीवर ठेवावें. हा संकेत सर्वांनाच ठाऊक असतो असें नाहीं. परंतु संकटांतल्यानें हांक न मारतां हांक मारावी, ही त्यांतली कल्पना मोठी मार्मिक आहे.

वाटेंत अडलेल्याला मदत करण्याची संघटित व्यवस्थाहि बरीच जुनी आहे. १९०५ सालीं लंडनमध्यें ऑटोमोबाइल असोसिएशन नांवाची मोटारवाल्यांची संस्था निघाली. तिचे पहारेकरी प्रथम सायकलवरून रस्त्यानें फिरत, आणि संस्थेचा बिल्ला लावलेली मोटार दिसली कीं सलाम करीत. पहारेकऱ्यानें सलाम केला नाहीं, तर पुढें वेग मोजणारे पोलीस दबा धरून बसले आहेत असें सभासदानें ओळखावें, अशी गंमतीची तोड त्यांनीं काढली होती! पुढें या पहारेकऱ्यांना मोटारसायकली मिळाल्या, व त्यांच्या साइडकारमध्यें अवजारें भरून ते बंद पडलेल्या मोटारी दुरुस्त करीत हिंडूं लागले. म्हणजे मोटारवाल्याच्या मदतीला धांवणारा माणूस मोटारसायकलवरून येत असे. व्यवस्था उत्तम होती, परंतु ती वर्गणी भरणारांपुरती होती. बिल्ला नाहीं, त्याला सलामहि नाहीं. आजच्या आपल्या विषयांतला मदतगार बिल्ला पाहत नाहीं. तो फक्त कडेला उभी असलेली गाडी पाहतो.

या दोहोंच्या मधली एक सुंदर योजना अमेरिकेंत आहे. बी. एम. डब्ल्यू. मोटारसायकलींच्या मालकांची तेथें १९७२ मध्यें स्थापन झालेली एक संस्था आहे. तिनें आपल्या सभासदांसाठीं एक लहानसें पुस्तक काढलें. त्यांत गांवोगांवच्या मदतीस तयार असलेल्या सभासदांचे टेलिफोन क्रमांक छापलेले असतात, व पुढें खुणा असतात: या घरीं अवजारें मिळतील, येथें गाडी ठेवायला जागा आहे, येथें अंगणांत तंबू ठोकतां येईल. पण त्या पुस्तकांत नांवें नसतात. म्हणूनच त्याला 'अनामिकांचें पुस्तक' या अर्थाचें नांव पडलें आहे. मध्यरात्रीं परक्या गांवीं गाडी अडली, तर एका क्रमांकावर बोलावें, आणि पलीकडे कोणी बिननांवाचा माणूस उठून दिवा लावतो.

व्याकरण शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, कर्मणि प्रयोगांत कर्ता गाळला तरी वाक्य पुरें होऊं शकतें. 'पाणी भरून ठेवलें आहे' एवढें म्हटलें कीं पुरे. कोणीं भरलें हें तहानलेल्यानें विचारावयाचें नसतें. रस्त्यावरची मदत ही अशीच कर्ता गाळलेली क्रिया आहे, आणि तिची सारी थोरवी त्या गाळण्यांत आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. मनालीहून लेहला जाणारा रस्ता हिमालयाच्या अनेक उंच खिंडी ओलांडतो. त्यांतील टांगलांग ला ही खिंड तर समुद्रसपाटीपासून ५,३०० मीटरच्या आसपास उंच आहे. हिवाळ्यांत बर्फानें हा मार्ग बंद पडतो. वाटेंतील टांडी येथील पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षें उभी होती. एवढ्या अंतरांत दुरुस्तीचें दुकान मिळणें कठीण, टेलिफोनचा भरंवसा नाहीं, आणि विरळ हवेनें माणूस व यंत्र दोघेहि धापा टाकतात. अशा रस्त्यावर देशाच्या कोनाकोपऱ्यांतून तरुण मुलें-मुली उन्हाळ्यांत मोटारसायकलींवरून जातात. मराठी मुलुखांतलेहि पुष्कळ असतात. त्या वाटेवर अडलेल्या स्वाराला तसेंच टाकून जाणें हें फार हलकेपणाचें समजतात. कोणाजवळ पेट्रोलचा डबा असतो, कोणाजवळ क्लचची जादा तार, कोणाजवळ नुसती गरम चहाची बाटली. ज्याच्याजवळ जें असेल तें तो काढतो. तेथें भाषा अडत नाहीं, प्रांत अडत नाहीं, जात कोणी विचारीत नाहीं.

ही रीत आपल्याकडे रुजण्याला एका गाडीनें मोठा हातभार लावला, असें मला वाटतें. १९५० नंतरच्या दशकांत आपल्या सैन्यासाठीं इंग्लंडमधील 'बुलेट' ही गाडी घेण्यांत आली, व १९५५ पासून ती मद्रासेंत तयार होऊं लागली. तिच्या अंगीं गुण पुष्कळ, पण लहर त्याहून अधिक! जुन्या बुलेटच्या मालकाला पॉइंट घासणें, प्लग साफ करणें, तार बदलणें हीं कामें यावींच लागत. त्यामुळें प्रत्येक स्वार अर्धा मिस्त्री बनला, आणि अर्ध्या मिस्त्र्यांची ही जमात रस्त्यांत एकमेकांना ओळखूं लागली. गाडीच्या दोषानें माणसांत गुण आणला, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

अशा एका गुणाचा लाभ मलाहि झालेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पसरणीच्या घाटांत, दिवस मावळतांना, माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकांत खिळा गेला. अर्ध्या तासांत बऱ्याच मोटारी गेल्या. त्यांना मी दोष देत नाहीं, वळणावर थांबण्यासारखी जागाच नव्हती. मग एक तरुण मोटारसायकलवरून आला आणि वळणापुढें सोयीची जागा पाहून, गाडी तेथें लावून, चालत परत आला. माझ्या गाडीचें टायर ट्यूब नसलेलें होतें. त्यानें पकडीनें खिळा उपटला, भोंकांत दाभणासारखें अवजार फिरविलें, चिकट रबराची एक दोरी त्यांत ओंवून आंत खुपसली, बाहेर राहिलेलें टोंक कापलें आणि हातपंपानें हवा भरली. सारें काम वीस मिनिटांचें. मी पैसे काढूं लागलों, तेव्हां तो म्हणाला, "काका, पैसे राहू द्या. वाईला गेलात की या दोऱ्यांचं एक पाकीट घ्या आणि डिकीत ठेवून द्या. मला परत करायचं नाही. कुणाला तरी लागेल." मीं पाकीट घेतलें. आजवर त्यांतल्या दोन दोऱ्या खर्ची पडल्या आहेत. त्यांतील एकहि माझ्या गाडीला लागलेली नाहीं.

श्रोतेहो, त्या तरुणानें मला दोरी दिली, त्यापेक्षां हा हिशेब दिला याचें मोल मला अधिक वाटतें. बाजारांतलें ऋण ज्याचें घ्यावें त्यालाच फेडावें लागतें. वाटेवरचें ऋण मागच्याकडून घेऊन पुढच्याला फेडावयाचें असतें. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट नवी नव्हती. पितृऋण म्हणजे काय? आई-बापांचें देणें आई-बापांना परत देतां येत नाहीं, तें मुलांना द्यावें लागतें. अहिल्याबाई होळकरांनीं दूरदूरच्या तीर्थांच्या वाटांवर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या ज्यांनीं वापरल्या त्यांतील कितीसे इंदूर-महेश्वराकडे आभार मानायला गेले असतील? उन्हाळ्यांत आपल्याकडे पाणपोया घालतात. पाणी पिणारा तोंड पुसून पुढें जातो, आणि घालणाराची तीच अपेक्षा असते. मोटारसायकलीच्या पेटींतला पंक्चरचा संच ही चाकांवरची पाणपोईच आहे!

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. कोणी म्हणेल, "मास्तर, हें सारें जुन्या गाड्यांचें झालें. आजच्या गाड्या कोठें बिघडतात?" यांत तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून देशांत धुराविषयींचे भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले. त्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींत पेट्रोल किती जावें हें ठरविणारी विजेची यंत्रणा आली. ही यंत्रणा बिघडली तर पाना-पकड घेऊन बसणारा हौशी मिस्त्री कांहीं करूं शकत नाहीं. गाडी टेंपोंत घालून कारखान्यांतच न्यावी लागते. म्हणजे मदत करणाऱ्याच्या हातांतली विद्या कमी झाली, हें कबूल करावें लागेल.

परंतु विद्या कमी झाली म्हणून मदत संपत नाहीं. अडलेल्या माणसाला काय हवें असतें, तें पाहा. त्याला पहिली भीति असते ती अंधाराची व मागून येणाऱ्या वाहनांची. तेथें दुसऱ्या गाडीचा लुकलुकणारा दिवा हेंच मोठें संरक्षण होतें. त्याला दुसरी चिंता घरची असते. त्याच्या टेलिफोनची शक्ति संपलेली असली, तर दुसऱ्याच्या टेलिफोनवरून दोन शब्द घरीं कळवितां येतात. त्याला जवळचें गांव, टेंपोवाला, रात्रीं उघडें असणारें दुकान यांची माहिती नसते; स्थानिक स्वाराला ती असते. आणि सर्वांत शेवटीं, टेंपो येईपर्यंतचा तास-दीड तास एकट्यानें काढणें व दोघांनीं काढणें यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यंत्राला आपली गरज उरली नसेल. माणसाला ती होती तेवढीच आहे.

बिघाडाची गोष्ट एक, अपघाताची दुसरी. तेथें उशीर म्हणजे प्राणाशीं गांठ असते. जखम झाल्यापासूनचा पहिला तास प्राण वांचविण्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा, म्हणून वैद्यक त्याला 'सुवर्ण तास' म्हणतें, आणि आपल्या मोटार वाहन कायद्यांतहि त्याची व्याख्या आलेली आहे. असें असतांहि लोक कां थांबत नसत? निर्दयपणामुळें नव्हे, भीतीमुळें. जखमीला दवाखान्यांत नेलें तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, दवाखाना पैसे मागेल, वर्षानुवर्षें कचेरीच्या खेपा घालाव्या लागतील, ही ती भीति. ती अगदींच निराधार होती असेंहि म्हणतां येणार नाहीं.

ही भीति दूर करण्याचें काम एका दुःखांतून सुरू झालें. २००७ सालीं पीयूष तिवारी यांचा एक कोवळ्या वयाचा नातेवाईक दिल्लींत रस्त्यावरील अपघातांत गेला. आसपास माणसें असतांना त्याला वेळेवर मदत मिळाली नव्हती. पुढच्याच वर्षीं तिवारी यांनीं सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली व हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेला. ३० मार्च २०१६ रोजीं न्यायालयानें मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे सरकारी नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें नवें कलम घालून त्या संरक्षणाला संसदेनें मान्यता दिली. सद्भावनेनें मदत करतांना कांहीं चुकलें तरी त्याबद्दल मदत करणाऱ्यावर दिवाणी अगर फौजदारी जबाबदारी येत नाहीं, आणि आपलें नांव-गांव सांगण्याची सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं. ऑक्टोबर २०२१ पासून गंभीर जखमीला वेळेवर दवाखान्यांत पोंचविणाऱ्यास ५,००० रुपयांचें बक्षीस ठेवण्यांत आलें, व २०२५ मध्यें ती रक्कम २५,००० रुपये करण्यांत आली.

इंग्रजींत अशा मदतगाराला 'गुड समॅरिटन' म्हणतात. हा शब्द बायबलांतील एका कथेवरून आला आहे, आणि ती कथाहि रस्त्याच्या कडेचीच आहे. जेरुसलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनीं एका प्रवाशाला मारून टाकल्यासारखें करून टाकलें. पुरोहित त्याला पाहून पलीकडून गेला, देवळाचा सेवकहि तसाच गेला. थांबला तो ज्याला ते लोक परका व हलका समजत असा शोमरोनी. त्यानें जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातलें आणि उताराच्या जागीं नेऊन पोंचविलें. त्या कथेंतहि मदत करणाऱ्याला नांव नाहीं. आपल्या कायद्यानें दोन हजार वर्षांनीं नांव न सांगण्याचा तो हक्क लेखी करून दिला, इतकेंच.

कायदा भीति काढतो, परंतु रीत शिकवीत नाहीं. मदत करणें हेंहि एक शास्त्र आहे. तेव्हां त्यांतल्या चार गोष्टी येथें सांगतों.

पहिली गोष्ट, थांबण्याची जागा. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबूं नये. मागच्याला आपण दिसलों पाहिजे. गाडी डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, दिवे लुकलुकते ठेवावे, आणि कामाला वांकणाऱ्याची पाठ वाहतुकीकडे होऊं देऊं नये. मदत करतांना स्वतःच जखमी झालेला माणूस कोणाच्या उपयोगी पडत नाहीं.

दुसरी गोष्ट, चेहरा. हेल्मेट हें डोक्याचें संरक्षण खरें, पण त्यांतून माणूस ओळखूं येत नाहीं. रात्रीं एकाकी उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी काळी कांच पुढें करून चालत आला, तर त्याला धीर येण्याऐवजीं धसका बसेल. म्हणून गाडीवरून उतरतांच प्रथम हेल्मेट काढावें, दहा पावलांवरून विचारावें, आणि उत्तर आल्यावर जवळ जावें. अडलेली व्यक्ति स्त्री असेल, तर हें अंतर आणखी जपावें. आज मुली एकट्याहि दूरचे प्रवास करतात, याचा मला आनंद वाटतो. तिनें "नको" म्हटलें तर रागावूं नये. तिला घरीं टेलिफोन करूं द्यावा, आपल्या गाडीचा क्रमांक हवा असल्यास टिपूं द्यावा, आणि गरज वाटल्यास दूर उभें राहून सोबत करावी. नकाराचाहि मान राखणें हा मदतीचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट, जखमीविषयीं. माहिती नसतांना त्याला ओढाताण करून उठवूं नये. मानेला अगर पाठीला इजा असेल तर त्यानें ती वाढते. आगीचें किंवा वाहनांखालीं सांपडण्याचें भय नसेल तर हेल्मेट घाईनें उपटूं नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें दाबून धरावें, आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकहि आहे. आपण नेमके कोठें आहों हें सांगतां यावें म्हणून प्रवासांत किलोमीटरच्या दगडांकडे लक्ष ठेवण्याची संवय फार उपयोगी पडते.

चौथी गोष्ट आपल्या देशाची खास आहे. गाडी बंद पडली कीं मागें दगड रचावे व झाडाची हिरवी फांदी ठेवावी, ही आपल्याकडची जुनी खूण आहे. फांदी उत्तम; ती दिसते आणि लागली तरी इजा करीत नाहीं. परंतु काम झाल्यावर दगड तसेच रस्त्यांत टाकून जाणारे लोक थोडे नाहींत. मोटारीच्या चार चाकांना जो दगड नुसता धक्का देईल, तोच दुचाकीस्वाराला रात्रीं खालीं लोळवील. स्वतःची सुटका होतांच दुसऱ्यासाठीं सांपळा मांडून जाणें, यासारखी कृतघ्नता नाहीं. मदत करणाऱ्यानें निघण्यापूर्वीं शेवटचें काम म्हणून रस्ता साफ करावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो घरांतील वडील माणसें हमखास घेतील. अडल्याचें सोंग करून लुबाडणारे लोक नसतात काय? असतात. ही शंका भित्रेपणाची नव्हे, व्यवहाराची आहे. एकटें असतांना, ओसाड जागीं, मनाला खटकलें तर थांबूं नये. पण थांबतां न आलें म्हणून कर्तव्य संपत नाहीं. पुढच्या टोलनाक्यावर, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकींत, "अमुक दगडाजवळ एक माणूस अडला आहे," एवढें सांगून जावें. एक टेलिफोन करावा. धोका टाळणें आणि तोंड फिरविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लबाडांच्या भयानें गरजवंतांना सोडून दिलें, तर लबाडांनीं आपल्याकडून एका वेळीं सर्वांनाच लुबाडलें असें होईल.

शेवटीं, ज्या घरांतून हें भाषण ऐकलें जात आहे, त्या घरांतील आई-बापांना उद्देशून थोडेंसें सांगतों. पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर दुचाकींना बंदी आहे. तुमचीं मुलें जुन्या रस्त्यानें, खंडाळ्याच्या, कशेडीच्या, ताम्हिणीच्या घाटांनीं जातात. तीं परत येईपर्यंत तुम्ही दाराकडे कान लावून बसतां, हें मीं पुष्कळ घरांतून पाहिलेलें आहे. "सांभाळून जा", "हळू चालव" असें आपण सांगतों, आणि तें सांगितलेंच पाहिजे. पण त्यांत आणखी एक वाक्य घालावें: "वाटेत कुणी अडलेला दिसला, तर विचारून पुढे जा." आणि त्यांच्या गाडीच्या पेटींत पंक्चरचा संच, लहान पंप, बॅटरी, पट्टी-कापूस व एक पाण्याची बाटली आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं पाहावें. आपल्या मुलाला आपण घाटांत सोबत करूं शकत नाहीं. तेथें त्याला सोबत करील तो दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा अगर मुलगी. आणि त्या मुलाला ही शिकवण त्याच्या घरीं मिळाली असेल तरच तो थांबेल. म्हणजे आपल्या मुलाची सुरक्षितता आपल्याला न दिसणाऱ्या अनेक घरांतल्या संस्कारांवर अवलंबून आहे, तशी त्या घरांची आपल्यावर.

सरकारनें रस्ते रुंद केले, कायदे केले, टेलिफोनचे क्रमांक दिले. हीं सारीं साधनें उपयोगाचीं आहेत, आणि तीं वाढावींत. परंतु रस्ता नुसत्या डांबरानें सुरक्षित होत नाहीं. अंधारांत उभ्या असलेल्या माणसाला मागून एक दिवा येतांना दिसावा, आणि हा दिवा थांबेल असा त्याला भरंवसा वाटावा, तेव्हां तो रस्ता सुरक्षित झाला असें म्हणावें. तो भरंवसा निर्माण करणें कोणत्याहि खात्याच्या हातीं नाहीं. तें तुमच्या-आमच्या हातीं आहे.